रेडवूडच्या जुन्या जंगलात पहिल्यांदा जाताना

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणारी अनेक मराठी कुटुंबे भारतातून आईवडील किंवा पाहुणे आले की त्यांना गोल्डन गेट पुलापलीकडचे म्यूर वूड्स दाखवून आणतात. फळ्यांच्या पायवाटेवरून तासाभराचा फेरफटका होतो, बुंध्याला टेकून फोटो निघतात आणि रेडवूडचे जंगल पाहून झाले, असा समज होतो. म्यूर वूड्स देखणे आहे यात वाद नाही. परंतु तिथून उत्तरेला चार ते सात तासांच्या अंतरावर, हम्बोल्ट आणि डेल नॉर्टे या काउंटींमध्ये (जिल्ह्यांमध्ये), जी जंगले अजून उभी आहेत त्यांचा पसारा आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे प्राणिजीवन यांची कल्पना त्या फेरफटक्यातून येत नाही. हा लेख त्या उत्तरेकडच्या जंगलांत प्रथमच जाणाऱ्यांसाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो: या सहलीचे चीज किती राया पाहिल्या यावर ठरत नाही, एका राईत किती वेळ काढला यावर ठरते. पुढच्या सगळ्या सूचना याच हिशेबाने केल्या आहेत.

१. आधी झाड ओळखावे, मग जंगल

रेडवूड या नावाखाली तीन वेगळी झाडे येतात. आपण ज्याविषयी बोलत आहोत ते किनारी रेडवूड, शास्त्रीय नाव सिक्वोया सेम्परव्हायरन्स. दुसरे सिएरा नेवाडाच्या डोंगरांत, सिक्वोया आणि योसेमिटी या राष्ट्रीय उद्यानांत दिसणारे महाकाय सिक्वोया. ते उंचीने कमी, पण घेराने आणि एकूण आकारमानाने मोठे असते, आणि प्रसिद्ध जनरल शर्मन हे त्याच जातीचे झाड आहे. तिसरे चीनमधले डॉन रेडवूड, ज्याची पाने हिवाळ्यात गळतात. पहिल्या दोघांत नवख्यांचा हमखास घोटाळा होतो. जनरल शर्मन आणि हम्बोल्टच्या राया एकाच सहलीत उरकू, असा बेत कोणी करत असेल, तर त्याने आधी नकाशा उघडून पाहावा.

किनारी रेडवूड नैसर्गिकरीत्या वाढते ते ओरेगनच्या नैऋत्य कोपऱ्यापासून कॅलिफोर्नियातल्या बिग सरच्या दक्षिण भागापर्यंतच्या सुमारे ७५० किलोमीटर लांबीच्या चिंचोळ्या पट्ट्यात, समुद्राचे धुके जिथवर पोहोचते तिथवर. जगातले सर्वांत उंच ज्ञात झाड याच जातीचे असून त्याची उंची ११५ मीटरांहून अधिक आहे. मुंबईच्या राजाबाई टॉवरची उंची ८५ मीटर. त्याच्या माथ्यावर आणखी एक दहा मजली इमारत ठेवली तर त्या झाडाच्या शेंड्याची बरोबरी होईल. वयाचे म्हणाल, तर वर्तुळे मोजून २,२०० वर्षांच्या आसपास भरलेली झाडे नोंदली गेली आहेत.

आता ‘जुने जंगल’ म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे महत्त्वाचे, कारण हायवे १०१ वरून जाताना दोन्ही बाजूंना जे रेडवूड दिसतात त्यांतले बहुतेक जुने नाहीत. १८५० नंतर, सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांच्या वस्त्या वाढू लागल्या तशी या लाकडाची तोड सुरू झाली आणि मूळच्या सुमारे २० लाख एकर जंगलांपैकी आज जेमतेम ५ टक्के न तोडलेले उरले आहे. बाकीचे सारे तोडीनंतर पुन्हा उगवलेले. दोहोंतला फरक ओळखण्याची खूण अवघड नाही. दुबार जंगलात झाडे साधारण एकाच जाडीची असतात आणि पुष्कळदा एका जुन्या थोरल्या खोडक्याभोवती कडे करून उभी असतात. त्या खोडक्याजवळ थांबून निरखावे: जमिनीपासून माणसाच्या उंचीच्या आसपास समोरासमोर कोरलेल्या आडव्या खाचा दिसतील. लाकूडतोडे या खाचांत फळ्या खोचून त्यांवर उभे राहत आणि तळाचा फुगीर भाग सोडून वर करवत चालवत. जुन्या जंगलात याउलट सगळ्या वयांची झाडे एकत्र दिसतात. कुणाचा शेंडा विजेने उडालेला असतो, कुणाच्या मधल्या फांदीतून दुसरे खोडच सरळ वर गेलेले असते, मेलेली झाडे उभीच असतात आणि आडवी पडलेली खोडे शतकभर जमिनीवर राहून त्यांच्या पाठीवर नवी रोपे, नेचे आणि हकलबेरीची झुडपे वाढवत असतात. नीटनेटके जंगल पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना हा पसारा वाटतो, पण जुनेपण ओळखायचे ते याच पसाऱ्यावरून.

२. जागा निवडावी, आणि थोड्याच निवडाव्यात

वेळ एकच दिवस असेल तर सॅन फ्रान्सिस्कोजवळचे पर्याय घ्यावेत. म्यूर वूड्सला १९०८ साली राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. तिथे पार्किंग किंवा शटल बस यांचे आरक्षण आधी करावेच लागते आणि तिथे मोबाइलला सिग्नल मिळत नसल्याने ते आरक्षण फोनमध्ये उतरवून ठेवावे लागते. गर्दी टाळायची असल्यास गर्नविलजवळचे आर्मस्ट्राँग रेडवूड्स किंवा सांताक्रूझजवळचे हेन्री काउएल रेडवूड्स बरे; दोन्हीकडे सपाट, सोप्या वाटा आहेत. बिग बेसिन हे १९०२ साली स्थापन झालेले, कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांतले सर्वांत जुने. ऑगस्ट २०२० च्या वणव्यात ते जवळपास सगळेच होरपळले, तरी बहुतेक मोठे रेडवूड वाचले आणि काळ्या पडलेल्या बुंध्यांवर हिरवी पालवी फुटली. वणव्यानंतर हे झाड काय करते ते पाहायचे असेल, तर तिथे जावे.

दोन-तीन दिवस हाताशी असतील तर मात्र उत्तरेलाच जावे. तिथे तीन ठिकाणे मी प्राधान्याने सुचवतो.

पहिले हम्बोल्ट रेडवूड्स राज्य उद्यान. सॅन फ्रान्सिस्कोहून साधारण चार तासांवर हायवे १०१ ला समांतर ‘अव्हेन्यू ऑफ द जायंट्स’ हा सुमारे ५० किलोमीटरांचा जुना रस्ता सुरू होतो. या रस्त्यावर कोरलेल्या बुंध्यातून गाडी घालून फोटो काढण्याच्या खासगी जागा आहेत. त्या खुशाल वगळाव्यात. थांबायचे ते फाउंडर्स ग्रोव्हला. तिथे डायरव्हिल जायंट हे शंभर मीटरांहून उंच झाड १९९१ च्या मार्चमध्ये कोसळले, ते अजून तसेच आडवे आहे. त्याच्या उपटलेल्या मुळांच्या चकतीसमोर उभे राहिले की एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते: एवढ्या उंच झाडाला सोटमूळ नाही. मुळे जमिनीत दोन ते चार मीटरच खोल जातात, पण आडवी तीस मीटरांपर्यंत पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. तिथून काही मिनिटांवर, बुल क्रीकच्या काठी, रॉकफेलर फॉरेस्ट आहे. सुमारे १०,००० एकरांचे हे किनारी रेडवूडचे सलग उरलेले सर्वांत मोठे जुने जंगल. १९५५ आणि १९६४ च्या पुरांत इथली शेकडो थोर झाडे वाहून गेली, आणि त्यामागे प्रवाहाच्या वरच्या अंगाला झालेली बेसुमार तोड होती. एखादी राई तेवढी राखून तिचे पाणलोट क्षेत्र मोकळे सोडले तर ती राई राहत नाही, हा धडा इथे मिळाला. रेडवूड राष्ट्रीय उद्यान १९६८ मध्ये स्थापन झाले आणि १९७८ मध्ये ते वाढवताना वरचे तोडलेले डोंगरही त्यात घेतले गेले, त्यामागेही हेच कारण होते.

दुसरे प्रेअरी क्रीक. ऑरिक या छोट्या गावाच्या उत्तरेला न्यूटन बी. ड्रुरी रस्ता जुन्या जंगलाच्या मधून जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पायवाटा फुटतात. एकच ठिकाण पाहायचे झाले तर मी हे सांगेन, कारण इथे जंगल, गवताळ कुरण, ओढा आणि समुद्रकिनारा हे सगळे एका दिवसाच्या चालीत येते, आणि प्राणिजीवनही त्याच प्रमाणात विविध आहे. फर्न कॅन्यन ही नेच्यांनी मढलेल्या उभ्या भिंतींची घळ इथेच, गोल्ड ब्लफ्स किनाऱ्याजवळ आहे. तिथे उन्हाळ्याच्या महिन्यांत गाडीसाठी आगाऊ परवाना लागतो, रस्ता कच्चा असून ओढ्याच्या पाण्यातून जातो, आणि घळीत चालताना घोट्यापर्यंत पाणी लागते. पावसाळी बूट किंवा भिजले तरी चालतील असे सॅंडल घ्यावेत.

तिसरे जेडेडाया स्मिथ, क्रेसेंट सिटीजवळ. हाउलंड हिल हा अरुंद कच्चा रस्ता बुंध्यांना वळसे घालत स्टाउट ग्रोव्हला जातो. मोठ्या व्हॅन आणि कॅम्परगाड्यांना तिथे मज्जाव आहे. ही राई लहान आहे, पण स्मिथ नदीच्या गाळाच्या जमिनीवर वाढलेली असल्याने तिची ठेवण वेगळी. पुराचा गाळ बुंध्यांभोवती साचतो, खालची इतर झाडे त्यात मरतात आणि रेडवूड मात्र नव्या गाळात नवी मुळे फोडून उभे राहते. म्हणून तळ मोकळा, नेच्यांचा गालिचा आणि थेट बुंधे. जवळच्या ग्रोव्ह ऑफ टायटन्समध्ये आता जमिनीपासून उचललेली जाळीदार पायवाट केली आहे, ती का, ते पुढे येईल.

प्रेअरी क्रीक, जेडेडाया स्मिथ आणि डेल नॉर्टे कोस्ट ही राज्य उद्याने आणि रेडवूड राष्ट्रीय उद्यान यांचा कारभार १९९४ पासून एकत्र चालतो. राष्ट्रीय उद्यानाच्या भागाला प्रवेशशुल्क नाही. राज्य उद्यानांत काही ठिकाणी दिवसाचे शुल्क पडते.

३. ऋतू आणि वेळ

आपल्याकडच्या पावसाचे गणित इथे उलटे आहे. पाऊस पडतो तो साधारण ऑक्टोबर ते एप्रिल; उन्हाळा कोरडा असतो. त्या कोरड्या महिन्यांत झाडाला तारते ते समुद्रावरून येणारे धुके. ते पानांवर साचून थेंब-थेंब खाली ठिबकते, आणि काही पाने ते थेट शोषूनही घेतात. उत्तर किनाऱ्यावरच्या एका अभ्यासात जंगलाला वर्षभर मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश धुक्यातून आल्याचे आढळले. तेव्हा जुलैच्या सकाळी सगळीकडे पांढरे दिसते म्हणून खट्टू होऊ नये. धुक्यात फोटोही चांगले येतात. कडक उन्हात बुंधे काळे आणि आकाश पांढरेफटक येते.

मे-जून हा माझ्या मते पहिल्या भेटीसाठी उत्तम काळ: रानटी ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले असतात, दिवस मोठे असतात आणि पक्षी गात असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गर्दी ओसरते आणि एल्क हरणांचा माजाचा हंगाम असतो. हिवाळ्यात ओढे भरून वाहतात, सॅलमन वर चढतात आणि अळंब्या उगवतात. मात्र वादळी वाऱ्याच्या दिवशी जंगलात अजिबात जाऊ नये, कारण वरून सुटणारी फांदी एखाद्या मध्यम झाडाएवढी असू शकते.

दिवसातली वेळ पहाटेची निवडावी. सकाळी सातला वाटेवर असणाऱ्याला जे दिसते-ऐकू येते ते अकराला पोहोचणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

४. तयारी

किनाऱ्यालगत जवळजवळ बाराही महिने हवा साधारण ७ ते १७ अंश सेल्सियसच्या दरम्यान असते. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, अशा समजुतीने सुती कपड्यांत आलेले पाहुणे इथे कुडकुडतात. पातळ लोकरी किंवा फ्लीसचा एक थर, वरून पाणी न झिरपणारे जाकीट, लांब विजार आणि घट्ट पकडीचे बूट हे उन्हाळ्यातही लागते. दुर्बीण असल्यास आठ पट मोठे दाखवणारी पुरे. अंधाऱ्या जंगलात जास्त पटीपेक्षा जास्त उजेड घेणारी भिंग उपयोगी.

मोबाइलचा सिग्नल बहुतेक ठिकाणी नसतो. नकाशे, परवाने आणि मुक्कामाचे पत्ते आधीच उतरवून घ्यावेत आणि व्हिजिटर सेंटरमधून कागदी नकाशा मागून घ्यावा. तिथले रेंजर कोणती वाट बंद आहे, एल्क कुठे दिसत आहेत, हे आपुलकीने सांगतात. पेट्रोल आणि वाणसामान युरेका किंवा आर्केटा इथेच भरावे. पुढच्या गावांत शाकाहारी जेवणाचे पर्याय फारच थोडे आहेत, त्यामुळे पोळीभाजीचे डबे किंवा ठेपले सोबत असलेले बरे. राज्य उद्यानांतल्या तंबूच्या जागांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा लगेच संपतात. क्लॅमथ आणि क्रेसेंट सिटी यांच्यामधल्या हायवेवर दरड कोसळण्याचा जुना त्रास असून दुरुस्तीसाठी वाहने थांबवली जातात. अर्धा तास जास्तीचा धरून निघावे.

सोबत वयस्कर मंडळी असतील तर फाउंडर्स ग्रोव्ह, स्टाउट ग्रोव्ह आणि लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्ह या वाटा त्यांना झेपतात. टॉल ट्रीज ग्रोव्हची वाट मात्र उतरताना सोपी आणि परतताना दमवणारी आहे. तिथे मर्यादित गाड्यांना आगाऊ परवान्यावर सोडतात. गुडघे दुखत असतील त्यांना युरेकाच्या सिक्वोया पार्क प्राणिसंग्रहालयात २०२१ पासून सुरू झालेला झाडांमधला उंच पूल सुचवता येईल. सुमारे तीस मीटर उंचीवरून पर्णसंभार जवळून दिसतो.

५. राईत शिरल्यावर काय पाहावे

पहिल्या पाच मिनिटांत सगळेजण वर पाहतात, आणि ते साहजिक आहे. त्यानंतर नजर मुद्दाम खाली आणावी, कारण शेंडा जमिनीवरून दिसतच नाही आणि मान दुखते.

वाटेच्या कडेला त्रिदलांचे गर्द हिरवे गालिचे दिसतील. ती रेडवूड सॉरेल, म्हणजे आपल्या अंगणातल्या आंबुशीच्याच वंशातली वनस्पती. ती गडद सावलीत जगते, पण फांद्यांतून उन्हाचा कवडसा तिच्यावर पडला की काही मिनिटांत तिची तिन्ही दले छत्री मिटावी तशी खाली झुकतात आणि ऊन सरले की पुन्हा पसरतात. एखाद्या कवडशाशेजारी बसून ही हालचाल डोळ्यांनी पाहता येते. मुलांना यात गोडी वाटते.

मग जमिनीवर पडलेली एखादी डहाळी पाहावी. एकाच झाडाची पाने दोन तऱ्हांची असतात: खालच्या सावलीतल्या फांद्यांवरची चपटी, सपाट आणि दोन रांगांत, शेंड्याकडची बारीक, टोकदार आणि काडीला घट्ट चिकटलेली. वाऱ्याने वरून पडलेली डहाळी आणि हाताशी असलेली फांदी शेजारी धरल्या तर ही दोन वेगळी झाडे वाटावीत. फळ पाहावे तर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरांचे. बीही बारीकच, आणि त्यातून रुजणारी रोपे थोडी. हे झाड वाढते ते मुख्यतः बुंध्याच्या तळाशी असलेल्या गाठींतून फुटवे काढून.

खोडाशी आल्यावर सालीवर नुसता तळहात ठेवावा. ती मऊ, तंतुमय असते आणि तीस सेंटिमीटरांपर्यंत जाड होऊ शकते. तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर आणि राळ जवळपास नसते, म्हणून कीड लागत नाही आणि आग सहजी आत शिरत नाही. तरीही वारंवारच्या वणव्यांनी काही बुंध्यांच्या तळाशी खोलीएवढ्या पोकळ्या झाल्या आहेत. पूर्वीचे वसाहतवाले त्यांत बदके-हंस कोंडत, म्हणून त्यांना ‘गूज पेन’ म्हणतात. आत उभे राहून वर पाहिले तर कोळसा झालेल्या भिंती दिसतात आणि बाहेर तेच झाड हिरवेगार असते.

वरच्या पर्णसंभारात काय चालते ते आपल्याला दिसत नाही, पण माहीत असावे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्टीव्ह सिलेट आणि त्यांच्यासारखे संशोधक दोरांनी वर चढू लागले तेव्हा आढळले की जाड फांद्यांच्या बेचक्यांत शतकानुशतके कुजलेल्या पाल्याची माती साठली आहे, तिच्यात नेच्यांची जाळी आणि झुडपे वाढली आहेत आणि त्या ओल्या गादीत सॅलमँडर (पालीसारखे दिसणारे उभयचर) राहत आहेत. यांतला भटका सॅलमँडर वरून उडी मारून पाय पसरतो आणि हवेत स्वतःला तोलतो, हे २०२२ साली वाऱ्याच्या बोगद्यातल्या प्रयोगांनी दाखवले. अशी माती साठायला फांदी जुनी असावी लागते. शंभर वर्षांच्या दुबार जंगलात ती सहसा नसते.

६. प्राणी आणि पक्षी

इथे आफ्रिकेतल्या सफारीसारखे कळप समोर येत नाहीत. रेडवूडखालचे जंगल पहिल्या भेटीत निर्जीव वाटण्याइतके मुके असते. वीस मिनिटे एका ओंडक्याजवळ न बोलता बसावे, मग त्यात आवाज उमटू लागतात. एकाच पट्टीतली, लांब, किंचित कंप पावणारी शीळ आली तर तो व्हेरिड थ्रश, आपल्या कस्तुराचा दूरचा नातलग. जमिनीलगतच्या झुडपातून न थांबता वेगाने येणारे नाजूक गाणे पॅसिफिक रेन या अंगठ्याएवढ्या पक्ष्याचे.

सर्वांत विलक्षण पक्षी मात्र दिसण्याची शक्यता जवळजवळ नाही. मार्बल्ड म्युरलेट हा समुद्रपक्षी आहे. तो मासे खातो, आयुष्य लाटांवर काढतो आणि अंडे घालायला मात्र किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत जुन्या जंगलात येतो. घरटे बांधत नाही. शेवाळलेल्या रुंद फांदीवर एकच अंडे. माणसाला त्याच्या घरट्याचा पत्ता १९७४ पर्यंत नव्हता; तो बिग बेसिनमध्ये झाडावर चढलेल्या एका कामगाराला योगायोगाने लागला. मे ते जुलै या काळात सूर्योदयाच्या अर्धा-पाऊण तास आधी प्रेअरी क्रीकच्या एखाद्या मोकळ्या जागी उभे राहिल्यास डोक्यावरून झपाट्याने जाताना त्याची ‘कीर, कीर’ अशी हाक ऐकू येऊ शकते. दिसला तर नशीब समजावे.

सहज दिसणारे प्राणी म्हणजे रूझवेल्ट एल्क. सांबराच्या कुटुंबातले हे हरीण. नर ४०० किलोंच्या वर भरतो. प्रेअरी क्रीकच्या व्हिजिटर सेंटरसमोरचे कुरण, डेव्हिसन रस्त्याजवळचे एल्क मेडो आणि गोल्ड ब्लफ्स किनारा इथे ते सकाळ-संध्याकाळ चरताना दिसतात. किमान २५ मीटर अंतर राखावे. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर माजावर आलेल्या नरांपासून आणि मे-जूनमध्ये पाडसे गवतात लपवलेल्या माद्यांपासून त्याहून बरेच अधिक. ती शांतपणे चरत आहेत म्हणून पाठ करून सेल्फी घेणारे लोक दर उन्हाळ्यात दिसतात. एल्कने मान वर करून कान टवकारले, की मागे सरावे.

ओलसर दिवशी वाटेवर पिवळी, कधी काळ्या ठिपक्यांची, वीतभर लांब बिनशंखाची गोगलगाय सापडेल. हा बनाना स्लग. खाली वाकून तिच्या उजव्या अंगाचे छिद्र पाहावे: ते मधूनच उघडते आणि मिटते, तिचा श्वास त्यातून चालतो. डोक्यावरच्या वरच्या दोन शिंगांच्या टोकांना डोळे, खालची दोन हुंगायला. तिच्या चिकट्याने जीभ बधिर होते, त्यामुळे बहुतेक प्राणी तिच्या वाटेला जात नाहीत. सांताक्रूझच्या विद्यापीठाने या गोगलगाईलाच आपले बोधचिन्ह केले आहे. पावसाळी महिन्यांत ओढ्याकाठी तपकिरी पाठीचा, नारिंगी पोटाचा, खरखरीत कातडीचा न्यूट (सॅलमँडरचाच एक प्रकार) दिसला तर त्याला हात लावू नये; त्याच्या कातडीत फुगा माशातलेच जहाल विष असते.

मान उंच करायला एक नवे कारण २०२२ पासून मिळाले आहे. शतकाहून अधिक काळ या भागातून नाहीसे झालेले कॅलिफोर्निया कॉन्डोर (प्रचंड आकाराची गिधाडे) युरोक या मूलनिवासी जमातीच्या पुढाकाराने इथे पुन्हा सोडले जात आहेत. पंखांचा पसारा जवळजवळ तीन मीटर आणि पंखांवर क्रमांकाचे बिल्ले. ऑरिकच्या आसपासच्या मोकळ्या आकाशात लक्ष ठेवावे. युरोकांची ही पिढीजात भूमी आहे. रेडवूडच्या फळ्यांची त्यांची घरे कशी असत हे पाहायचे असेल तर ट्रिनिडॅडजवळच्या सू-मेग राज्य उद्यानात त्यांनी उभारलेली वस्ती पाहावी.

काळी अस्वले आणि प्यूमा (मार्जार कुळातले मोठे शिकारी प्राणी) या जंगलांत आहेत, पण क्वचित दिसतात. अन्न, टूथपेस्टसुद्धा, तंबूत न ठेवता लोखंडी पेटीत ठेवावे. प्यूमा समोर आलाच तर पळू नये. लहान मुलांना उचलून घ्यावे, हात वर करून मोठ्याने ओरडावे आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरावे.

७. ज्यांपासून खरोखर जपायचे

अस्वलापेक्षा झुडूप जास्त लोकांना छळते. पॉयझन ओक ही वनस्पती आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातली आहे आणि तिच्या चिकातले द्रव्य त्याच जातीचे. ज्यांना आंब्याच्या चिकाने तोंड येते किंवा ज्यांच्या अंगावर बिब्बा उतलेला आहे, त्यांनी इथे विशेष सावध राहावे. एका देठावर तीन पाने, मधल्या पानाला थोडा लांब देठ, वसंतात तकाकी आणि उन्हाळ्याच्या शेवटी लालबुंद रंग ही तिची ओळख. हिवाळ्यात पाने नसलेल्या काड्याही तितक्याच त्रासदायक. ती जमिनीवर झुडूप म्हणून वाढते आणि खोडावर वेल होऊन चढतेही. स्पर्श झाल्यास लगेच साबण आणि गार पाण्याने धुवावे, कपडे वेगळे धुवावेत.

गवताळ कडांवरून चालल्यावर अंगावर गोचिडी तपासाव्यात. त्यांतून लाइम रोग होऊ शकतो. गोल्ड ब्लफ्ससारख्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करू नये, कारण शांत वाटणाऱ्या पाण्यातून अचानक एखादी लाट बरीच आत येते आणि माणसाला ओढून नेते.

८. वागणूक

वाट सोडू नये, हा नियम इथे शिष्टाचारापुरता नाही. मुळे उथळ असल्यामुळे पायांनी दाबली गेलेली माती पाणी धरत नाही आणि बुंध्याभोवतीची नेच्यांची गादी काही महिन्यांत उजाड होते. ग्रोव्ह ऑफ टायटन्समध्ये नेमके हेच झाले. इंटरनेटवर जागा फुटली, लोकांनी चहूकडून वाटा पाडल्या, आणि मग उचललेली पायवाट बांधावी लागली. २००६ साली सापडलेल्या हायपीरियन या सर्वांत उंच झाडाभोवतीचा भाग याच कारणाने २०२२ पासून बंद आहे. तिथे गेल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तसेही त्याच्या तळाशी उभे राहून ते शेजारच्या झाडांहून उंच आहे हे कोणाला कळत नाही.

खाण्याच्या बाबतीत आपल्या मंडळींना एक विनंती. चिवडा, शेव, फरसाण हे सांडणारे पदार्थ राईत किंवा तंबूच्या बाकांवर उघडू नयेत; उघडले तर कण न कण वेचून घ्यावा. सांडलेल्या कणांवर निळे तुरेवाले जे पक्षी आणि रेव्हन कावळे गोळा होतात, त्यांची संख्या वाढते आणि तेच पक्षी म्युरलेटचे एकुलते एक अंडे फोडून खातात. खारीला शेंगदाणा घालण्यातले पुण्य इथे लागू नाही. ड्रोन चालत नाही, कुत्र्याला बहुतेक पायवाटांवर नेता येत नाही, आणि फूल, फळ किंवा सालीचा तुकडा आठवण म्हणून उचलणे हा गुन्हा आहे. रस्त्याकडेच्या दुकानांत विकायला ठेवलेल्या खोडगाठींच्या वस्तूंविषयी मात्र त्या कुठून आल्या हे विचारून घ्यावे. या गाठी रात्री उद्यानातून करवतीने कापून नेण्याचे प्रकार वाढले, तेव्हा २०१४ मध्ये ड्रुरी रस्ता रात्री बंद ठेवावा लागला होता.

९. पहिल्या सहलीचा आराखडा

शुक्रवारी सकाळी निघून दुपारी फाउंडर्स ग्रोव्ह आणि रॉकफेलर फॉरेस्ट पाहावे, मुक्काम आर्केटाला करावा. शनिवारी पहाटे प्रेअरी क्रीक गाठून पूर्ण दिवस तिथेच काढावा: आधी पक्षी, मग जंगलातली चार-पाच किलोमीटरांची एकच वाट, संध्याकाळी एल्क. फर्न कॅन्यनचा परवाना मिळाला असेल तर दुपार तिथे. रविवारी क्रेसेंट सिटीकडे जाऊन स्टाउट ग्रोव्ह सकाळी पाहावे आणि परतीला लागावे. सात-आठ तासांचे वाहन चालवणे आहे, त्यामुळे चालकाने आदल्या रात्री झोप पुरी करावी. सोमवारी सुट्टी काढता आली तर रविवारी मुक्काम करून निघणे अधिक बरे. आणि बिग बेसिन किंवा ओकच्या दुसऱ्या कोणत्याही जंगलात पुढच्या आठवड्यात जायचे असेल, तर बुटांच्या तळव्यांचा चिखल आधी ब्रशने घासून काढावा, कारण कॅलिफोर्नियातले लाखो टॅनओक (ओकच्या नात्यातले झाड) आणि ओक मारणाऱ्या रोगाचे बीजाणू त्या चिखलाबरोबर एका जंगलातून दुसऱ्यात जातात.